गाठीभोवतीचं कडं

मित्रांनो, मी एक जुनं सीटी स्कॅन यंत्र आहे. मुलं मला बघून म्हणतात, "केवढं हे भोक!" खरंच आहे. त्या भोकातूनच मी माणसाच्या आत डोकावतो. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे मला. आता माझी सरकती फळी कुरकुरते आणि शेजारच्या खोलीत माझा धाकटा भाऊ आलाय. सगळं कौतुक त्याचं. असू दे.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आली. नुसता हाडांचा सापळा. सोबत तिचा धाकटा भाऊ. तिला एड्स झाला होता आणि छातीत गाठी वाढल्या होत्या. गाठी क्षयाच्या असल्या तर औषधाने जिरणार होत्या. कर्करोगाच्या असल्या तर उपचार त्या जिवाला झेपले नसते. ते माझ्या चित्रावरून कळायचं होतं.

आमची रीत अशी, की आधी शिरेत सुई लावून रंगाचं औषध सोडायचं, म्हणजे गाठी नीट दिसतात. पण आमचा तंत्रज्ञ तिचा कागद वाचूनच बिचकला. "रंग नको, तशीच तपासणी करतो," म्हणाला. अरे बाबा, हातमोजे घालून नीट सुई लावली तर कसली भीती, हे तुला मी सांगायचं? चित्रात नुसते करडे गोळे आले. चित्रं वाचणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई चिडल्या, "यावरून काय कपाळ सांगू? उद्या पुन्हा बोलवा त्यांना."

बाहेर बाई भावाला सांगत होती, "रडू नकोस रे. तुझ्या बाळाचं झबलं अर्धं राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय मी कुठे जात नाही."

तंत्रज्ञाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पुढे झाला. "ताई, काल चुकलं माझं. हात द्या." शीर सापडेपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही. रंग शिरला आणि गाठींच्या कडा बांगडीसारख्या उजळल्या, आत काळोख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीला असं कडं दिसलं, की तो बहुतेक क्षयच." मग सुईने गाठीतला नमुना काढला. क्षयच निघाला.

दोन्ही आजारांची औषधं तिने नेमाने घेतली. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा माझी फळी तिच्या वजनाने जास्तच कुरकुरली. इतक्या आनंदाने मी कधीच कुरकुरलो नव्हतो. गाठी शोधाव्या लागल्या. तंत्रज्ञाने विचारलं, "ताई, झबलं झालं का?"

"झालं की. पण तोवर बाळ वाढलं. आता मोठं बेतलंय."

मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा. पण आधी आजारी माणसाचा हात धरा. त्याशिवाय मलाही काही दिसत नाही.