इन्साफच्या मनगटावरचा पुसट क्रूस

मी एक जुना गोंदलेला क्रूस आहे. राहायला इन्साफच्या उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला, नाडी उडते तिथे. वय अडतीस. रंग एके काळी निळा होता, आता शेवाळी झालाय. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. हा का बघतोय? काय हवंय याला? तुम्ही माझी गोष्ट का वाचताय, हेही मला अजून नीट कळलेलं नाही. असो. बसलाच आहात तर सांगतो.

माझा जन्मच संशयात झाला. मिनियाजवळ नाईलच्या काठी डोंगरावर मरियमच्या मठाची जत्रा भरते. इन्साफ तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या आईनं तिला कडेवर घेऊन उस्ताद गिर्गिसच्या फळीपाशी आणलं. हा उस्ताद गोंदणारा. त्याची सुई गाडीच्या बॅटरीवर चालायची. त्यानं पोरीकडे बघितलंच नाही.

"बाई, आधी तुझं मनगट दाखव."

"माझं कशाला? पोरीला गोंदायचंय."

"आणि उद्या कुणी येऊन माझी गचांडी धरली, की आमच्या लेकराला क्रूस का काढलास, तर तू येणार आहेस सोडवायला? दाखव मुकाट्यानं."

आईनं बाही वर केली. तिथे तिचा क्रूस होता. उस्तादनं तो वाकून निरखून बघितला आणि मगच सुई उचलली. इन्साफनं असा टाहो फोडला की शेजारचा शेंगदाणेवाला धावत आला. चार मिनिटांत मी तयार झालो. दोन रेघा, चार टोकं, मधे एक ठिपका. गावात परत गेल्यावर आई येणाऱ्याजाणाऱ्याला पोरीचा हात धरून मला दाखवायची. लोक म्हणायचे, "वा! काय सुरेख उठलाय!" तेवढंच काय ते माझं कौतुक झालं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पण उस्तादनं एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. त्यानं मला तीन वर्षांच्या मनगटाच्या मापानं काढलं होतं. मनगट वाढत गेलं आणि मी ताणला गेलो. आडवी रेघ एकीकडे कलली, टोकं फुगली, ठिपका पसरला. शाळेत एका बाईंनी तर विचारलं होतं, "इथे भाजलंय का गं तुला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यात काम माझ्या एकट्याच्या गळ्यात. आम्ही इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती. इन्साफ हे नाव आमच्यात असतं तसं मुसलमानांतही असतं. नावावरून काही कळत नाही, चेहऱ्यावरून तर नाहीच नाही. मग चर्चच्या दारात ओळख म्हणून मला पुढे करायचं आणि बाजारात बाहीखाली दडपायचं, असं चाललेलं. तिनं घड्याळसुद्धा उजव्या हातात बांधायला सुरुवात केली. त्या घड्याळाच्या पट्ट्याशी माझं कधी पटलं नाही. वेळ बघायचं निमित्त, मला झाकायचं काम. मला काय कळत नव्हतं?

ती एकोणीस वर्षांची असताना अलेक्झांड्रियातल्या एका कापडाच्या दुकानात तिची नोकरी होता होता राहिली. माझ्यामुळे राहिली, की तिला मीटर आणि वार यांतलं कळेना म्हणून राहिली, हे मला आजही माहीत नाही. तिनं मात्र दोष मलाच दिला. न्हाणीघरात बसून टाच घासायच्या दगडानं मला रक्त येईपर्यंत घासलं. मी जाणार कुठे? मी कातडीच्या खाली असतो. खपली धरली, पडली, मी होतो तिथेच. दोन दिवस तिनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याशी अबोला धरला. पुढे तिला शर्ट शिवायच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा कुठे आमची बोलाचाली सुरू झाली.

मग आला नबील. हिचा नवरा. माणूस चांगला, शाळेत गणित शिकवायचा, पण इंजिली, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा. त्या पंथात गोंदणं बसत नाही. त्याचं मनगट कोरं करकरीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो मला बोटानं टोचून म्हणाला,

"काय गं, देवाला तुझी ओळख पटावी म्हणून हा शिक्का मारलाय होय?"

"देवाला नाही, लोकांना," इन्साफ म्हणाली.

"मोशेच्या नियमात अंगावर गोंदायची मनाई आहे, ठाऊक आहे ना?"

"त्याच नियमात डुकराचीही मनाई आहे. परवा तुझ्या काकांकडे ताव कोण मारत होतं?"

नबील हसला, पण हट्टाचा पक्का. त्यांना मुलगी झाली, यूस्तिना. इन्साफच्या आईचे फोनवर फोन. "जत्रा जवळ आली, पोरीला गोंदून आण." नबील म्हणे, "नाही. मोठी होऊन तिची ती ठरवेल." या एका गोष्टीवरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी मिठावरून, मिरचीवरून झाली नसतील. यूस्तिना चौदा वर्षांची झाली तरी तिचं मनगट कोरंच. मी त्या कोऱ्या मनगटाकडे बघायचो आणि मला त्याचाही संशय यायचा. हे आमच्याकडचं की त्यांच्याकडचं?

चर्चवरच्या हल्ल्यांच्या भीतीनं त्या वर्षी दारांवर तपासणी कडक झाली होती. कुणीतरी मनगटावर खोटा क्रूस रंगवून आत शिरला, अशी वावडी उठली होती. खरं की खोटं, देव जाणे. ईस्टरला आमच्या चर्चच्या दारात मला उजेडात धरून दोनदा बघितलं गेलं. "जरा पुसट झालाय," दारावरचा माणूस म्हणाला. तेवढं वाक्य इन्साफच्या डोक्यात जाऊन बसलं.

जूनमध्ये तिची आई गेली. आई कैरोला, शुब्रा भागात, धाकट्या मुलाकडे राहायची. सामी त्याचं नाव. बातमी आली त्याच रात्री नबील त्याच्या मदतीला पुढे गेला. इन्साफ आणि यूस्तिना सकाळच्या गाडीनं निघाल्या. घाईत इन्साफचं ओळखपत्र घरीच राहिलं. आमच्याकडे त्यावर धर्मही लिहिलेला असतो. ते गाडीत बसल्यावर लक्षात आलं. आता सगळा भार माझ्यावर.

इन्साफ बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "यूस्तिना, तुझी भुवयांची पेन्सिल दे."

"आत्ता? आई, कशाला?"

"दे म्हटलं ना."

तिनं पेन्सिल घेतली आणि माझ्या रेघांवरून फिरवू लागली. पहिल्यांदा उभी, मग आडवी, मग टोकं. अगं बाई, नको, मी ओरडत होतो, पण गोंदणाचं कोण ऐकतं?

"आई, खोटं काय काढतेस?"

"खोटं नाही गं. खऱ्यावरच फिरवतेय."

गाडी दीड तास उशिरा पोचली. ऊन मी म्हणत होतं. स्टेशनपासून दोघी जवळजवळ पळत चर्चपाशी आल्या. अंत्यविधीची प्रार्थना सुरू झाली होती, रस्त्यावर झांजा ऐकू येत होत्या. दाराशी अयाद नावाचा सेवेकरी एकटाच बसला होता. पन्नाशीचा, जाड भुवयांचा, बघताच माझ्यासारखा वाटला. म्हणजे संशयी.

"ओळखपत्र?"

"घाईत घरी राहिलं, दादा. अलेक्झांड्रियाहून आलेय. आत माझी आई आहे."

"मनगट."

इन्साफनं मनगट पुढे केलं. घामानं ती निथळत होती. अयादनं माझ्यावर अंगठा ठेवला आणि उचलला. अंगठ्याला काळं लागलं होतं. त्यानं अंगठ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"बाई, हे काय आहे?"

"पेन्सिल आहे. पण खाली खरा आहे."

"खाली?" त्यानं बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतून रुमालानं खसाखसा पुसलं. पेन्सिल गेली, उरलो मी. पसरलेला, कललेला, शेवाळी. मी जीव एकवटून सरळ दिसायचा प्रयत्न केला. पण आमच्यासारख्याला कुठे ताठ होता येतं?

"हा क्रूस? हा तर भाजल्याचा डाग आहे. डागावर रंगवून आणलास होय? पोरीचा दाखव."

यूस्तिनानं हात पुढे केला.

"हिचा तर कोराच!"

"हिचे वडील इंजिली आहेत."

"वा! प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार आहे तुझ्याकडे."

"दादा, तुमच्या पाया पडते. आत जाऊन माझ्या भावाला बोलवा. सामी. नाहीतर माझ्या नवऱ्याला, नबीलला."

"म्हणजे मी दार सोडून जाऊ? तुला तेच हवंय ना?"

यूस्तिनानं बापाला फोन लावला, मामाला लावला. दोघांचेही बंद, प्रार्थनेत कोण फोन चालू ठेवतं? इन्साफनं प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. अयाद म्हणाला, "पाठांतर कुणीही करतं." मग तिनं दाराच्या गजांना धरून सामीच्या नावानं हाका मारल्या. आतल्या झांजांत त्या बुडून गेल्या. आईचं तोंड शेवटचं बघायला आली होती ती, आणि आईपासून पन्नास पावलांवर उन्हात उभी होती.

मला अयादचा भयंकर राग आला होता. पण मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? त्याच्या जागी मी असतो तर मीही तिला आत सोडलं नसतं. मी तरी जन्मभर दुसरं काय केलं? जो भेटेल त्याच्याकडे असाच बघत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे माझ्याच नजरेनं बघितलं, आणि ते फार वाईट होतं.

पाऊण तासानं नबील बाहेर आला, शववाहिनी दारापाशी लावून घ्यायला. बायको आणि मुलगी गजाबाहेर बघून तो चक्रावला.

"अहो, ही माझी बायको आहे! हिला बाहेर का उभं केलंय?"

"हिचा क्रूस खोटा आहे. पेन्सिलीनं..."

"खोटा? सोळा वर्षं बघतोय मी तो. लहानपणी काढलाय, म्हणून पसरलाय. खरा आहे तो. सोडा तिला!"

ज्या माणसानं मला सोळा वर्षांत एकदाही बरं म्हटलं नाही, त्यानं माझी साक्ष दिली. आणि ती लगेच मानली गेली, कारण त्याच्या खिशात ओळखपत्र होतं आणि सकाळी अयादनंच ते तपासलं होतं.

इन्साफ धावत आत गेली. पेटीवर झाकण बसलं होतं, खिळेही ठोकून झाले होते. सामी तिच्या गळ्यात पडला. "ताई, आत्ताच लावलं गं. तुझी वाट बघून बघून लावलं." तिनं उघडा म्हटलं नाही. पेटीवर हात ठेवून ती नुसती उभी राहिली. मी त्या लाकडाला टेकलो होतो, आणि मला तिच्या आईला काहीतरी सांगायचं होतं, पण काय ते सुचेना.

तिसऱ्या दिवशी सामीच्या घरी पाद्री आले, घरभर प्रार्थनेचं पाणी शिंपडलं. त्यांच्यामागून अयादही आला. दिवाणखान्यात सगळ्यांना कडू कॉफी दिली होती, त्यानं ती घेतली नाही. नबील यूस्तिनाला हळूच सांगत होता, "तुला काढून घ्यायचा असेल तर घे. मी आडवा येणार नाही." ती म्हणाली, "बाबा, मला अजून काही कळत नाहीये." मला ते उत्तर आवडलं.

अयाद इन्साफसमोर येऊन उभा राहिला.

"ताई, माझी चूक झाली. रविवारी थांबा, माझ्या ओळखीचा एक गोंदणारा आहे. त्याच रेघांवरून सुई फिरवून देईल, अगदी ठसठशीत. मग कुठल्याच दारात कुणी अडवणार नाही."

मी कान टवकारले. ठसठशीत! तरुण! खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण इन्साफनं मला दुसऱ्या तळहाताखाली घेतलं.

"नको. जसा आहे तसा राहू दे. आणि मी पुन्हा त्याच्यावर पेन्सिलही फिरवणार नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही मला ओळखपत्र मागितलंत. मनगट मागितलंत. पोरीचं मनगट मागितलंत. मी सांगितलं आत माझी आई आहे, तर तिचं नाव काय, एवढं एकदा तरी विचारायचं. मी सांगितलं असतं. त्या नावाची पाटी पेटीवर होती, दादा. सकाळी ती पेटी तुमच्याच दारातून, तुमच्या डोळ्यांसमोर आत गेली होती."

अयादनं मान खाली घातली.  मग त्यानं विचारलं,

"काय नाव होतं आईचं?"

"रिफ्का," इन्साफ म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी कातडीत आहे, मी कुठे जातोय? तुमच्या अंगावर काही गोंदायचं असेल तर गोंदा, नसेल तर नका गोंदू, ते तुमचं आणि तुमच्या देवाचं. पण कधी कुठल्या दाराशी बसायची पाळी तुमच्यावर आली, तर माझं एवढं ऐका. मनगट बघा, निरखून बघा, मी संशयी आहे, बघू नका असं मी म्हणणार नाही. फक्त त्याआधी समोरच्या माणसाला विचारा, की आत तुमचं कोण आहे. आणि तो सांगेल ते नाव नीट ऐकून घ्या.