इंजिनाला बांधलेलं ओलं पोतं

उन्हाळ्यातलं सगळं पंजाबरावांना कळतं, असा नांदगाव पेठेत त्यांचा लौकिक होता आणि तो बराचसा त्यांनी स्वतःच पसरवला होता. कूलरच्या जाळीत वाळा किती दाबून भरायचा, माठ घरात कोणत्या कोपऱ्यात ठेवायचा, लग्नाला निघालेल्या माणसानं खिशात कांदा ठेवला की नाही, याची चौकशी ते कुणी न विचारता करत. एप्रिल लागला की त्यांच्या घराच्या खिडक्या सकाळीच बंद होत, दारावर भिजवलेलं तरट लटके, आणि सूर्य कलेपर्यंत बाहेरच्या वाऱ्याला आत यायची परवानगी नसे. त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, अंधारात भाकरी थापायची सवय करून घेतली होती.

एवढ्या बंदोबस्ताला कारण होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नीलम सातवीत असताना शाळेतून येता येता तिला ऊन लागलं, आणि पोरगी दवाखान्यात डोळे मिटून पडली. ती उठून बसेपर्यंत पंजाबरावांचा जीव जो टांगणीला लागला, तो पुन्हा कधी पुरता खाली आलाच नाही. नीलम पुढे बी.एस्सी. झाली, बापाची मोटरसायकल शिकली, त्यांना कापडाच्या कारखान्यात डबा नेऊन देऊ लागली. पण उन्हाळ्यात तिला एकटीला हायवेवर सोडायचं नाही, हा घरचा कायदा होता.

मे महिन्यात एके सकाळी अकोल्याहून फोन आला. तिकडच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नीलमनं मुलाखत दिली होती आणि तिचं नाव दुसऱ्या नंबरावर राहिलं होतं. पहिल्या नंबरचा उमेदवार आलाच नाही. आज चारच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हा, नाहीतर तिसऱ्याला बोलावतो, असं सांगून तिकडच्या बाईंनी फोन ठेवला. नीलम दोन वर्षं अशा फोनची वाट बघत होती. बडनेऱ्याहून सुटणारी रेल्वेगाडी निघून गेलेली, आणि लग्नसराईमुळे एसटीत पाय ठेवायला जागा नाही.

"मी गाडी घेऊन जातो," नीलम म्हणाली.

"एकटी? या उन्हात?" पंजाबरावांनी दुपट्टा झटकला. "मी नेतो तुले. मुकाट्यानं मागं बस."

मग त्यांनी तयारी सुरू केली. नीलमच्या डोक्याला दोन दुपट्टे, तोंडाला रुमाल, हातात मोजे, पर्समध्ये कांदा. स्वतःलाही तेवढंच. राहता राहिली मोटरसायकल. तीही बिचारी उन्हातच धावणार होती, आणि धावणाऱ्याला ऊन जास्त लागतं, हे पंजाबरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक पोतं उभं फाडलं, बादलीत बुचकळलं आणि इंजिनाला समोरून व दोन्ही बाजूंनी नीट गुंडाळून सुतळीनं आवळलं. सायलेन्सरला टेकणार नाही एवढी काळजी घेतली.

"बाबा, हे कायले?"

"समोरून हवा कशी येते पाह्यली काय? भट्टीवानी. थे हवा इंजिनात शिरली का झालंच. आपण घराले तरट लावतो, तसंच हे."

नीलमच्या मनात काहीतरी आलं होतं, पण ती फाईलमधली प्रमाणपत्रं तिसऱ्यांदा तपासत होती. ती मागे बसली.

बडनेरा मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे वारा समोरून यायला लागला. कपाशीच्या पऱ्हाट्या कधीच उपटून झाल्या होत्या. दोन्ही बाजूंना नुसती काळी, भेगाळलेली रानं, आणि त्यांच्यावरून येणारी लू तोंडावर थापडा मारत होती. लोणीच्या पुढे गाडी ओढेनाशी झाली. पंजाबरावांनी मूठ पिळली तरी ती आपल्याच तंद्रीत, खालून टकटक असा आवाज, आणि जळक्या पोत्याचा वास. एका कडुनिंबाखाली ती आपणहून बंद पडली.

पंजाबरावांनी पोत्याला हात लावला. ते पापडासारखं कडक झालं होतं. त्यांना हायसं वाटलं, कारण दोष सापडला होता.

"पोतं सुकलं म्हणून तापली," ते म्हणाले. गाडी थोडी निवल्यावर त्यांनी कॅनमधलं पिण्याचं पाणी पोत्यावर ओतलं आणि सोबत घडी करून आणलेलं दुसरं पोतं भिजवून वरून बांधलं. आता दुहेरी बंदोबस्त. वाऱ्याची काय बिशाद होती?

दुहेरी बंदोबस्तात गाडी आधीपेक्षा लवकर तापली. कशीबशी थांबत थांबत ती मूर्तिजापूरच्या पुढे आली, आणि एका टरबुजाच्या दुकानासमोर तिनं कायमची मान टाकल्यासारखं केलं. पंजाबराव खाली उतरले आणि गाडीकडे बघत उभे राहिले. एक पोतं होतं तेव्हा एवढी तापली, दोन केली तर आणखी तापली. त्यांच्या आयुष्यभराच्या हिशेबात असं कधी झालं नव्हतं. माठावरचं फडकं दुहेरी केलं तर पाणी अधिक गार होतं. मग या गाडीला काय झालं?

दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर तुरीच्या तुराट्यांचं छप्पर. दुकानदार इनायतुल्ला, पिकल्या दाढीचा मोठा बोलका माणूस. त्यानं दोघांना आधी सावलीत बसवलं, गडव्यात पाणी दिलं, मग गाडीकडे जाऊन पोती बघितली.

"बराबर केलं दादा तुमी," तो म्हणाला. "मी बी माह्या टरबुजाईले ओल्या पोत्याखालीच ठेवतो. या मौसममधी उघडं कायबी राहू नाही."

पंजाबरावांना धीर आला. पण तेवढ्यात टरबूज घ्यायला थांबलेल्या एका गृहस्थानं सांगितलं की टाकी फुल भरली असेल, म्हणून तापते. त्याच्या बायकोचं म्हणणं पडलं की टाकी अर्धी असली की तापते. इनायतुल्लाचं मत, टाकीचं झाकण ढिलं करून थोडी हवा जाऊ द्यावी. मग त्यानं सगळ्यांत सोपा उपाय म्हणून पाण्याची बादलीच उचलली.

"चाचा, नको," नीलम उठली. "तापलेल्या इंजिनावर एकदम पाणी टाकलं तर तडकते थे."

बादली खाली ठेवली गेली. पंजाबरावांना आता टाकी भरावी की रिकामी करावी, झाकण लावावं की काढावं, पाणी टाकावं की नाही, यातलं काहीच कळेना. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. पोरीची नोकरी आपल्या डोळ्यांदेखत, या दोन पोत्यांपायी जाणार होती.

नीलम गाडीजवळ बसली. तिनं सुतळी कापली आणि दोन्ही पोती काढून बाजूला टाकली.

"अवं, काढून काहून राहिली? उघडं पडलं न इंजिन."

"बाबा, उघडंच पाह्यजे थे. समोरच्या हवेनंच गार होते. म्हणून त्याले बाहीर ठेवलं आहे, अशा पट्ट्या पट्ट्या करून."

"ही हवा? ही हवा गार करते?" पंजाबरावांनी हात बाहेर काढून वाऱ्यात धरला आणि लगेच आत ओढला. "चटका बसते मले."

"तुमाले बसते. तुमचं अंग या हवेपेक्षा थंड आहे. इंजिन हवेपेक्षा कितीतरी तापेल असते. त्याच्यासाठी ही हवा म्हणजे संध्याकाळचा वारा. आपण त्याचं नाकतोंडच दाबून ठेवलं होतं."

"मंग टरबूज?" इनायतुल्लानं मध्येच विचारलं. त्यालाही आपल्या धंद्याची काळजी लागली.

"टरबुजात आग पेटेल नसते चाचा. त्याले राहू द्या पोत्याखाली."

पंजाबराव मान हलवत राहिले. एकच वारा एकाला भट्टी आणि दुसऱ्याला गारवा, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिरलं तर मग एवढी वर्षं बंद ठेवलेल्या खिडक्यांचं काय करायचं? त्या बरोबर होत्या. माठ बरोबर होता. फक्त इथंच कसं उलटं झालं?

इंजिन पुरतं निवेपर्यंत थांबावं लागलं. मग नीलमनं ते चालू करून दुकानापासून पुढच्या पुलापर्यंत एकटीनं एक चक्कर मारली. येताना आवाज मोकळा होता, टकटक नव्हती. पंजाबरावांनी उत्साहानं हँडल हातात घेतलं आणि तिला मागे बसवलं. दोघांना घेऊन गाडी पुलाच्या चढापर्यंत गेली आणि तिथं पुन्हा ओढेना. तसेच वळून ते परत आले.

"तिनं लय सोसलं बाबा आज," नीलम हळूच म्हणाली. "दोघांचं वजन नाही झेपत तिले आता."

अकोल्याकडे जाणारी एक एसटी आली. पंजाबरावांनी रस्त्यावर उभं राहून दोन्ही हात हलवले. दारात लोंबकळणाऱ्या माणसांनीच त्यांना नाही म्हणून खुणावलं. मागून दुसरी आली, तीही तशीच गेली.

सही नीलमचीच लागणार होती. म्हणजे उतरायचं कुणी, हे न सांगताही कळत होतं, आणि पंजाबराव न कळल्यासारखं करत होते. त्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"ऊन लागलं मंग?" शेवटी ते म्हणाले.

"लागल्यासारखं वाटलं तर सावलीत थांबीन. पाणी पिईन. मले समजते आता." तिनं रुमाल खाली ओढला. तिचा चेहरा घामानं निथळत होता, लालबुंद झाला होता. "बाबा, दुपट्ट्याच्या आत मले श्वास घेता येऊन नाही राह्यला. एक काढू काय?"

पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं. घरून निघाल्यापासून ती मागे बसून किती गुदमरली असेल, याचा त्यांनी एकदाही विचार केला नव्हता. स्वतःच्या हातानं त्यांनी वरचा दुपट्टा सोडवला. आत केस ओलेचिंब झाले होते.

"जाय," ते म्हणाले. "वाटेत बोरगावले थांबून पाणी पेजो. फोन करजो."

"जयभीम बाबा."

ती गेली. गाडी पुलाचा चढ सहज चढली आणि पलीकडे उतरली. पंजाबराव तुराट्यांच्या सावलीत येऊन बसले. इनायतुल्लानं टरबुजाची फोड पुढे केली, ती हातातच राहिली. वारा अंगावर आला की ते डोळे मिटून घेत आणि मनात म्हणत, हा आता तिच्या इंजिनाला गार करत असेल. मग लगेच वाटे, आणि तिला भाजत असेल. वारा वाढावा की थांबावा, यातलं काय मागावं हे त्यांना ठरवता येईना.

बोरगावहून फोन आला नाही. त्यांनी लावला तर उचलला नाही. साडेतीन झाले, चार झाले. इनायतुल्लानं गिऱ्हाईक सोडून त्यांच्याशेजारी बसून घेतलं आणि आपल्या मुलीची, नगमाची, गोष्ट सांगितली, जी बुऱ्हानपुराला दिली होती आणि पोचल्यावर कधी म्हणून फोन करत नव्हती. पंजाबरावांना त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

सव्वाचारला फोन वाजला.

"बाबा, झालं. सही झाली. बोरगावले थांबलीच नाही मी, गाडी चांगली चालून राह्यली होती. सोमवारपासून या म्हणाले. मॅडम म्हणतात अकोल्यातच खोली पाहा."

"बरं," पंजाबराव म्हणाले. नोकरीचा आनंद झाला होता, आणि खोलीचं ऐकून वाईट वाटलं होतं. दोन्ही एकाच वेळी. "जेवली काय तू?"

ऊन उतरल्यावर ती परत आली. डोक्यावर अकोल्यात घेतलेलं हेल्मेट, गळ्यात एकच दुपट्टा, आणि तिथल्याच मेकॅनिकनं दुरुस्त करून दिलेली गाडी एकसुरात धडधडत होती. पंजाबराव इनायतुल्लाचा निरोप घेऊन सवयीनं पुढे झाले आणि त्यांनी हँडलला हात घातला. नीलम उतरली नाही. तिनं फक्त थोडं पुढे सरकून मागे जागा केली.

पंजाबरावांनी हँडलवरचा हात काढला. मग त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि ते मागच्या सीटवर बसले. गाडी निघाली, वारा दोन्ही बाजूंनी वाहू लागला. आपली गाडी असून ते तिच्यावर आजवर मागे कधी बसले नव्हते, आणि हात कुठे ठेवायचे हे त्यांना समजेना.