चहाच्या तबकाला लागलेला वास

मित्रांनो, मला हात लावण्याआधी जरा स्वतःचे हात हुंगा. अत्तर, संत्रे, साबण, काहीही लागलेले असेल तर लांबूनच बोला. रागावू नका. मी चहाची पाने सुकवायचे बांबूचे जुने तबक आहे आणि चहाचे पान भलतेच हावरट असते. शेजारी असेल तो वास ते पिऊन टाकते.

माझे घर डोंगरावरच्या चहाच्या मळ्यात आहे. मोठे शहर खाली, बसने दोन तासांवर. इथे चहा करणाऱ्या काकांनी तरुणपणी मला स्वतः विणले. सगळे त्यांना 'नाकवाले काका' म्हणत, कारण पाने कढईत परतायला कधी तयार झाली, हे ते नुसत्या वासावरून सांगत. माझ्यात तोंड खुपसून ते "हं, झालं!" म्हणाले की माझाही ऊर भरून येई.

पण गेल्या हिवाळ्यात काकांना मोठा ताप आला आणि त्यानंतर वास येईनासा झाला. पाहुण्यांना मळा दाखवणाऱ्या आपल्या मुलीलाही त्यांनी हे सांगितले नाही. मला मात्र कळले. ते हुंगण्याचे नाटक करत आणि हळूच बोटांनी पाने चाचपत. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

मग तो रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी शहरातला व्यापारी चहा पसंत करायला येणार होता. माल बिघडला तर मळ्याचा मालक काकांना घरी बसवणार, हे साऱ्यांना ठाऊक होते. त्यातच पाहुण्यांची बस आली. एका बाईंना चढ चढून उकडले. त्यांनी शाल काढली आणि खुशाल माझ्यातल्या पानांवर टाकली. डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की तो माझ्या काडीकाडीत मुरला! अर्ध्या तासाने त्यांनी शाल उचलली, तिला चिकटलेली पाने साळसूदपणे परत पसरली आणि त्या निघून गेल्या.

थोड्या वेळाने काका आले. त्यांनी माझ्यात तोंड खुपसले. "झक्कास!" ते मुलीला म्हणाले. मी मनातल्या मनात ओरडत होते. बाकीच्या एकोणीस तबकांची पाने कढईशेजारी ढिगात पडली होती. माझी पाने त्यांत मिसळली की सगळा माल वाया. काकांनी मला ढिगावर तिरपे धरले.

"थांबा, थांबा!" शालवाल्या बाई धापा टाकत दारात उभ्या होत्या. खाली बसचा हॉर्न वाजत होता. "माझं चुकलं हो. डांबरगोळ्यांतली शाल टाकली मी यावर. पान वास धरतं, असं तुमची मुलगी मघाशी म्हणाली, तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

मुलीने वाकून हुंगले आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही तर आत्ताच झक्कास म्हणालात!"

काकांनी मला ढिगावरून मागे घेतले. मग म्हणाले, "मला वास येत नाही गं. हिवाळ्यापासून."

"आणि एकटेच मनात घेऊन बसलात?" तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. "आता हुंगायचं मी, हात तुमचे."

माझ्यातली पाने फेकून दिली; बाकीचा चहा व्यापाऱ्याला आवडला. माझा वास मात्र जाईना, म्हणून मी उन्हात टेकून असते. रोज सकाळी काका मला मुलीपुढे धरतात आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारतात, "गेला का गं?" ती नकारार्थी मान हलवते. पुन्हा माझ्यात पाने पसरतील की चुलीत घालतील, ही धाकधूक रोजची आहे.

मित्रांनो, डोंगरावर चहा बघायला जरूर या. हातून काही चुकलेच, तर बस सुटायच्या आत सांगून जा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येते.