भोपळ्याच्या अंगातला पारा

लू महाराजांच्या अंगणात पहाटेपासून रांग लागायची. रांगेतला प्रत्येक हात थरथरणारा. आमचं गाव पाऱ्याच्या खाणीचं. बाप-काका-मामा सगळ्यांनी जन्मभर भट्टीवर तांबडा दगड भाजून पारा काढला. खाण बंद पडली, पारा मात्र अंगात राहिला.

"तो मी बाहेर ओढतो," महाराज सांगायचे. "डॉक्टर नुसतं रक्त काढतात."

माझ्या बाला मीच पाठुंगळी घालून नेलं. महाराजांनी शेगडीत पाल्याची हिरवी भुकटी टाकली, वर गार पाण्याचं लोखंडी भांडं टांगलं आणि बाला धुरासकट रजईखाली कोंडलं. मग भांड्याचं बूड दाखवलं. चंदेरी मणी.

"बघ तेंग म्हाताऱ्या, तीस वर्षं पोसलेला चोर निघाला."

दर खेपेला आम्ही एक बदक द्यायचो, महाराज घरी धुरी घ्यायला त्याच भुकटीची पुडी द्यायचे. बा ते मणी दारूच्या बाटलीत साठवायचा. "बाटली भरली की स्वतःच्या हाताने जेवायच्या काड्या धरून भात खाईन."

महिन्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. महाराज म्हणाले, "चोर दाराशी आलाय."

मी शाळेत शिपाई. आठवीच्या वर्गात रान बाई मूलद्रव्यांचा तक्ता शिकवत होत्या. ऐंशीव्या घरावर त्यांनी छडी ठेवली. "हा पारा. शेगडीत याचा एक अणूही नवा जन्मत नाही, जुना मरत नाही. फक्त जागा बदलतो. म्हणून मणी दिसला की विचारायचं, आधी कुठे होतास?"

"माझ्या बाच्या अंगात," मी दारातून म्हणालो.

बाईंनी छडी खाली ठेवली आणि महाराजांचा सगळा उपचार मला विचारून घेतला. मग म्हणाल्या, "घरी दिलेली पुडी आणा. आणि एक भोपळा."

दुसऱ्या दिवशी महाराजांच्याच अंगणात बाईंनी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं. शेगडी, पुडी, भांडं तेच. रजईखाली बाच्या जागी भोपळा. बूड उलटलं. मणी.

"भोपळा खाणीत कुठल्या पाळीला होता गं बाई?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

महाराज घुटमळले नाहीत. "शेताने भट्टीचं पाणी प्यालं, त्याचा दोष आहे तो."

बाईंनी भोपळा काढून महाराजांचा नवा जोडा ठेवला. पुन्हा मणी.

"तांबडा दगड म्हणजे पारा आणि गंधक," बाई म्हणाल्या. "तापला की गंधक धुरात जातं. पाऱ्याची वाफ होते, गार बुडावर बसते. तोच दगड दळून पाल्यात मिसळलाय."

तो दगड आम्ही अंधारातसुद्धा ओळखायचो. औषध म्हणून आला तेव्हा ओळखला नाही.

बा सोबत आणलेल्या बाटलीकडे बघत होता. "मग माझ्यातून निघाला तो?"

"निघाला नाही, बा. आत गेला."

"भट्टीवर पारा खायचा पगार तरी मिळायचा," बा म्हणाला. "इथे मी बदकं दिली."

मिरच्या लाल व्हायच्या आत बा गेला. शेवटपर्यंत भात मीच भरवला.

महाराज भोपळ्याच्या दिवशीच दुपारी पळाले होते. उद्या दुसऱ्या गावात दुसरं भांडं टांगतील. तुमच्या गावात आले तर त्यांच्या भांड्याखाली आधी भोपळा ठेवा. मण्याला विचारा, आधी कुठे होतास. एवढं विचारायला आठवी पास व्हावं लागत नाही. मी विचारलं नव्हतं, आणि बाला पाठीवर घालून तिथे मीच नेत होतो.