प्रार्थनेचा विषय

“सॉरी लिहून टाक ना मम्मी, फोकटमध्ये कशाला वाढवतेस,” सागर म्हणाला आणि त्यानं आईचाच मोबाइल तिच्यापुढं धरला.

सरलाबाईंचे हात पिठानं भरलेले होते. त्यांनी ते सावकाश धुतले, पुसले, तरी मोबाइल घेतला नाही. पांडेसऱ्यातल्या त्या खोलीत बाजूला जाऊन उभं राहायलाही जागा नव्हती. दारात मुलगा, खाटेवर नवरा, पाठीमागं भिंत.

झालं होतं ते असं. साक्रीकडून सुरतेला पोटासाठी आलेल्या काही ख्रिस्ती कुटुंबांची एक लहानशी मंडळी होती. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना आणि एरवी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. सकाळी वचन यायचं, मग कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, असे प्रार्थनेचे विषय. त्याच ग्रुपवर मंडळीचे कारभारी योगराज यांनी धनश्रीचा फोटो टाकला. पोरगी कुणा मुलाच्या स्कूटरवर मागं बसली होती, एवढंच. खाली लिहिलं होतं, आपल्या मंडळीची ही लेक वाट चुकली आहे, तिच्यासाठी कळकळीनं प्रार्थना करा.

भराभर जोडलेले हात आले, आमेन आले. आईबापांचं लक्ष कुठं असतं, असंही कुणी लिहिलं. तो मुलगा कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही. धनश्रीची आई मंगलाबाई त्याच ग्रुपवर होती.

सरलाबाई साड्यांच्या घडीखात्यात कामाला होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते पाहिलं आणि घास तसाच डब्यात ठेवला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, “योगराजभाऊ, फोटो काढून टाका. प्रार्थना करायची तर दार लावून करा. ही प्रार्थना नाही, चुगली आहे.”

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. ते गोडच बोलले. फोटो टाकायला नको होता, हे त्यांनाही मान्य होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत चुगलखोर ठरवणं ख्रिस्ती बाईला शोभत नाही. आपण मोबाइलवर कसे वागतो, ते बाहेरचं जग बघत असतं. तुम्ही ग्रुपवर माफी मागा, फोटो मी काढायला लावतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर नियमही टाकले. आदरानं बोलावं, वाद घालू नये, मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. फोटोबद्दल त्यात काही नव्हतं.

एवढ्यावर सरलाबाई अडून बसल्या असत्या. पण सागरचं लग्न योगराजांच्या पुतणीशी, सोनालीशी ठरलं होतं. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. सोनालीला बाप नव्हता, काकानंच वाढवलेली. काका सांगेल ते तिला ऐकावं लागे.

“मी खोटं काय लिहिलं?” सरलाबाईंनी विचारलं.

“खोटं नाही गं लिहिलंस.” सागरचा आवाज खाली आला. “पण सोनाली माझा फोन उचलत नाहीये.”

खाटेवरून सुकलाल खोकला. डाइंग मिलच्या वाफेत त्याची छाती गेली होती, जास्त बोलवत नसे. “लिखी टाक,” तो म्हणाला. “आपले आठेच ऱ्हावानं शे.”

त्याचंही खरंच होतं. इथंच राहायचं होतं, याच गल्लीत, याच माणसांत. सुकलालच्या दुखण्यात रात्री दवाखान्यात बसायला हीच मंडळी आली होती. उद्या कुणी गेलं तर खांदा द्यायलाही हीच येणार होती. सरलाबाईंनी मोबाइल घेतला. चारचौघांत बोलले त्याची माफी मागते, असं लिहिलं. मग पुढं लिहिलं, आता फोटो काढा.

सागरनं वाचलं. त्यानं शेवटचं वाक्य पुसलं आणि मोबाइल परत आईच्या हातात दिला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो बारकासा असताना मार खाल्ल्यावर जसा उभा राहायचा, तसाच उभा होता. त्यांनी बटण दाबलं.

पुन्हा जोडलेले हात आले. प्रभू क्षमाशील आहे, असं योगराजांनी लिहिलं. थोड्याच वेळात सोनालीचा फोन आला आणि सागर बोलत बोलत बाहेर निघून गेला.

फोटो तिथंच राहिला. सरलाबाईंनी पाळकसाहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, विषय मिटलाय, आता परत कशाला उकरता. मग सरलाबाईंनी स्वतःच ग्रुपवर लिहायला घेतलं, पण लिहिण्याची जागाच नाहीशी झाली होती. यापुढे ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील, असं तिथं दिसत होतं.

रविवारी उपासनेनंतर साखरपुड्याची बोलणी होती. सरलाबाई ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. हॉलच्या दारात योगराज हसून सगळ्यांचे हात हातात घेत होते. ते पाहून सरलाबाई थांबल्या. तुम्ही व्हा पुढं, असं बापलेकांना सांगून त्या वळल्या आणि मंगलाबाईच्या घरी गेल्या.

मंगलाबाई पाण्याला गेली होती. धनश्री जमिनीवर बसून साडीला खडे चिकटवत होती. दर रविवारी या वेळी ती मंडळीच्या लहान मुलांना गाणी शिकवायची. ते काम आता दुसरीला दिलं होतं. दुकानातली नोकरीही घरच्यांनी सोडायला लावली होती, आणि मामा तिला गावी न्यायला येणार होता.

“काकू, तुम्ही माफी मागितली ना?” तिनं मान वर न करता विचारलं.

“मागितली.”

“आईनंपण मागितली. मीपण.” तिनं एक खडा दाबून बसवला. “योगराजकाकांच्या घरी जाऊन.”

सागरचं, सोनालीचं, सगळंच सांगावं असं सरलाबाईंना वाटलं. पण ते या पोरीला ऐकवायचं म्हणजे तिच्याकडूनच माफी मागून घेतल्यासारखं झालं असतं.

धनश्री थोडी सरकली. सरलाबाई ठेवणीतल्या साडीसकट जमिनीवर बसल्या, खडे लावायच्या साडीचं दुसरं टोक त्यांनी मांडीवर ओढून घेतलं आणि वाटीतला एक खडा उचलला.