ठकीच्या दाढेची जागा

मूल रडायला लागलं की आपण काय करतो? हातावर एक गोड गोळी ठेवतो. रडणं थांबतं आणि आपण आपल्या कामाला मोकळे. या गोष्टीतल्या सुतारानेही तेच केलं, तेव्हा त्याला एकट्याला नावं ठेवू नका.

त्याच्या मुलीचं नाव शाळेच्या वहीवर काहीही असो, घरात ती ठकी. लाकडी बाहुलीसारखे गोल डोळे म्हणून तिच्या आईनेच ठेवलेलं नाव. ती आई दीड वर्षापूर्वी आजारपणात गेली आणि दोन खोल्यांच्या घरात बापलेक उरले. शाळा दुपारी एकला सुटायची, सुतार सातला परतायचा. मधले सहा तास ठकी आणि चार भिंती. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावून जात, पण डोकावणं म्हणजे सोबत नव्हे. सुरुवातीला पोर रोज रडायची. मग सुताराने फडताळात गोळ्यांची बरणी आणून ठेवली.

"एकटं वाटलं की एक खा हं," तो म्हणाला.

रडणं थांबलं. बापाला वाटलं, पोर रुळली. दर रविवारी तो बरणी भरायचा, शनिवारपर्यंत ती रिकामी व्हायची. पोरीला गोड आवडतं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

सातव्या वर्षी तिची खालची एक दुधाची दाढ दुखू लागली. "दुधाचीच तर आहे," म्हणत त्याने महिना काढला. शेवटी गाल सुजला, तेव्हा तो तिला घेऊन दातांच्या डॉक्टरबाईंकडे धावला. दाढ वाचण्यापलीकडे गेली होती, ती काढावी लागली.

"आता इथे तार बसवू या," बाई म्हणाल्या. "शेजारच्या दाढेला बारीक कडं आणि त्याला जोडलेली तार. ही जागा राखायला."

सुतार हसला. "पडलेल्या दाताच्या जागेला कसली राखण, डॉक्टरबाई? पडायचाच होता, चार दिवस आधी पडला."

"चार दिवस नाही हो, चार वर्षं! ही दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी पडते, तेव्हा तिच्याखालची नवी वर येते. तोवर दुधाची दाढ तिची जागा धरून बसलेली असते. ती नसली की मागची दाढ पुढे सरकते. मग नवी वाकडी येते, नाहीतर आतच अडकून बसते."

"यायची ती येईल आपली जागा करून," म्हणत सुतार उठला.

"महिन्याभरात तरी दाखवायला आणा," बाई मागून म्हणाल्या. महिना गेला, दुसराही गेला. कोण जातंय!

ठकीला मात्र एक चाळा लागला. दुपारी खिडकीशी बसून ती जिभेचं टोक त्या खळग्यात फिरवत राही. एकदा जेवताना तिने विचारलं, "बाबा, नवी येईपर्यंत इथे कोणीच नाही?"

"जेव तू," तो म्हणाला. समोरच्या भिंतीशी तिच्या आईचा पाट अजून उभा केलेला होता, तिकडे त्याने पाहिलं नाही. एवढ्याशा घरात दोघं समोरासमोर बसून एकेकटी जेवत होती.

तीन महिन्यांनी एका नव्या इमारतीवर तो दार बसवायला गेला. चौकट त्यानेच आधी उभी करून दिली होती. चौकट उभी केली की तिच्या दोन पायांमध्ये खाली एक आडवी पट्टी ठोकतात. बाजूची भिंत पक्की होईपर्यंत तिने पायांमधलं अंतर धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. सुताराने दार लावून पाहिलं, तर ते खाली बोटभर अडत होतं. पट्टी गायब होती!

"पट्टी कोणी काढली?" तो गवंड्यावर ओरडला.

"मीच काढली दादा. घमेली नेताना पायात येत होती. आता चौकट काय पळून जाणार आहे?"

"अरे, भिंतीच्या दाबाने पाय आत आले ना! दार नव्हतं तेव्हाच तर पट्टीची गरज होती! एवढं कळत नाही तुला?"

"चिडता कशाला?" गवंडी म्हणाला. "दार घेईल की आपली जागा करून."

सुताराला त्यात आपलेच शब्द ऐकू आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आयुष्यभर परक्यांच्या दारांसाठी पट्ट्या ठोकल्या, आणि पोटच्या पोरीच्या तोंडातली पट्टी आपण हसण्यावारी नेली! हत्यारं तिथेच टाकून तो शाळेपाशी जाऊन उभा राहिला. एकला ठकी बाहेर आली. बापाला पाहून ती आधी घाबरली. शाळेच्या दाराशी तिला न्यायला कोणी आलं, याला दीड वर्ष झालं होतं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढून पाहिला. "जागा थोडी आवळली आहे. पण अजून वेळ गेलेली नाही."

"पुन्हा टाळणार नाही, बाई. चुकलं माझं."

"सगळ्याच मुलांना ही तार लागते असं नाही. पण लागते की नाही, ते तपासून ठरवायचं, घरी बसून नाही."

माप घेतलं गेलं, आठवड्याने तार बसली. ठकीने आरशात पाहिलं आणि तिला ती चक्क आवडली.

"आता चिकट गोळ्या बंद," बाई तिला म्हणाल्या. "तार निघून येईल. रोज किती खातेस तू?"

"एकटं वाटलं की एक."

"मग काल किती खाल्ल्यास?"

ठकीने बोटं मोजली. एक हात संपला, दुसऱ्याची चार बोटं उघडली. "नऊ," ती म्हणाली.

सुताराने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी त्याने लपवलंही नाही. दाढ किडली ती पोरीच्या गोड खाण्याने नव्हे, रिकाम्या दुपारींनी, हे त्याला त्या नऊ बोटांनी सांगितलं.

आता तो जेवणाच्या सुट्टीत शाळेशी जातो आणि ठकीला आपल्या सुतारकामाच्या कारखान्यावर आणतो. करवतीपासून लांब, खिडकीशी त्याने तिच्या मापाचं बाक केलं आहे. बरणीत स्क्रू भरले आहेत. घरी अजून तिसरं ताट नसतंच, ती उणीव कोणत्याच तारेने भरायची नाही.

वाचकहो, दुधाचा दात पडणारा असतो म्हणून बिनकामाचा नसतो. तो वेळेआधी गेला, तर त्याची जागा राखा. आणि मुलाच्या हातावर गोळी ठेवण्याआधी क्षणभर विचार करा, आपण तिथे नक्की कशाच्या ऐवजी ती ठेवत आहोत.

दुपारी मध्येच ठकी हाक मारते, "बाबा, बघ!" आणि आ करते. सुतार रंधा खाली ठेवतो, हात पुसतो, वाकून बघतो.

"आहे गं जागेवर," तो सांगतो.