माझ्या पोटातली ओळन् ओळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी ढिली झाली आहे, दोन कळा निखळल्या आहेत, पण सध्या माझा आनंद गगनात मावत नाही. का, ते ऐका.

मी एका समुपदेशक ताईंकडे कामाला आहे. लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करतात. माणूस गेला, की ताई मला तोंडी टिपण सांगत, नाव आणि फोन नंबरासकट, आणि माझ्यातला प्रोग्राम ते झरझर लिहून काढी. ताई माझं कौतुक करत आणि मी हुरळून जाई.

एके दिवशी ताईंकडे येणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एक बाई दारातूनच म्हणाल्या, "ताई, जे फक्त तुमच्याजवळ बोलले, त्याच्याच जाहिराती माझ्या फोनवर यायला लागल्या. सासूबाईंनी पाहिल्या. आता मी बोलायचं तरी कुणाशी?" त्या निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी प्रोग्रामच्या कंपनीला विचारलं, आमचं बोलणं कुठे जातं? उत्तर आलं, प्रोग्रामची आतली रचना खाजगी आहे. बाईंचं मन चव्हाट्यावर आणि यांची रचना कुलपात!

ताईंची नणंद प्रोग्राम लिहिते. तिने मला धुऊनपुसून काढलं आणि ओपन सोर्स प्रोग्राम घातला. त्याची ओळन् ओळ कुणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी.

"हा तरी चुगली करणार नाही कशावरून?" ताईंनी विचारलं.

"माझ्यावर नका विश्वास ठेवू, वहिनी. वाचूनच बघू."

वाचता वाचता ती थबकली. प्रोग्राम बंद पडला, की तो दुरुस्तीसाठी बनवणाऱ्यांना अहवाल पाठवी, आणि त्यात बोलण्याचा तुकडाही जाई. कुणाची तरी नजरचूक होती. तिने ती तिथल्या तिथे सुधारली आणि दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवून दिली. कधी न भेटलेल्या लोकांनी ती तपासून घेतली. माझ्यावर झालेली दुरुस्ती कुठकुठल्या लॅपटॉपांत जाऊन बसली, मित्रांनो! मी नाचायचा तेवढा बाकी होतो.

ताई स्वतः बाईंच्या दुकानात गेल्या, चूक कबूल केली, सगळं समजावलं. बाई आल्या, पण नजर माझ्यावरच.

"हे ऐकतंय का?"

"तुम्ही गेल्यावर मी सांगते ते टिपण ऐकतं, पण बाहेर पाठवत नाही. आम्ही आतून वाचलंय, तुम्हीही कुणाकडून वाचून घ्या. नको असेल तर बंद करते."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या आणि बोलू लागल्या.

मित्रांनो, यंत्राला मनातलं सांगण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते कुणाला वाचता येतं का, एवढं जरूर विचारा. बाई काय बोलल्या, ते मात्र मला विचारू नका.